भागुजीबाबाच्या डब्या

ज्या घरात दूध कधी आटलं नाही, त्या घरातलं लेकरू वाळत चाललं, तर तुम्ही दोष कुणाला द्याल? विचार करायचं नाटक करू नका. आमच्या गावानंही क्षणाचा विचार न करता उत्तर दिलं होतं. आईला.

ते उत्तर ज्यानं घेतलं नाही, त्या माणसाबद्दल मला सांगायचं आहे. त्याचं नाव भागुजी. गाव त्याला भागुजीबाबा म्हणायचं. धावडा गावाच्या अलीकडं, डोंगर जिथं दमून सपाटीवर बसल्यासारखा दिसतो, तिथं आमचं गाव आहे. बाबाचे वडील मेंढरं घेऊन मुलूखभर फिरलेले. बाबा मात्र थोडी जमीन, काही म्हशी आणि शेळ्यांचा एक कळप घेऊन इथंच थांबला. आमचं शेत त्याच्या गोठ्याला लागून, त्यामुळं माझ्या लहानपणाच्या सगळ्या सकाळी त्याच्या म्हशींच्या वासातूनच उगवल्या.

पण मला आठवतात त्या नंतरच्या सकाळी. धुकं अजून बाजरीच्या कणसांवर अडकलेलं असायचं. बाबा धार काढून गोठ्यातून बाहेर यायचा, चरवी झाकून ठेवायचा आणि अंगातला सदरा काढून लिंबाच्या फांदीला टांगायचा. मग साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. तोंड धुवायचा. मिशाही धुवायचा, कारण धार काढताना फेसाचे थेंब मिशांवर उडतात. मग दोरीवरचा दुसरा, धुतलेला सदरा घालायचा आणि ओट्याकडं वळून मोठ्यानं हाक मारायचा, "या सरकार! गोठा धुतला बरं का अंगावरचा!"

ओट्यावर त्याची नात आरू दोन्ही हात वर करून उभी असायची. ती धावत यायची ती थेट त्या धुतलेल्या सदऱ्यात शिरायची. बोलायला यायच्या आधीच त्या पोरीला कळलं होतं की आपल्या आजोबाचे सदरे दोन आहेत, एक म्हशींचा आणि एक आपला. फांदीवर टांगलेला सदरा वाऱ्यानं हलला की ती त्याच्याकडं संशयानं बघायची, जणू तो दुसराच कुणी माणूस आहे.

आरूला दूध चालत नव्हतं. पचत नव्हतं असं नव्हे, चालतच नव्हतं.

हे कळलं तिच्या उष्टावणाच्या दिवशी. नातीच्या तोंडी पहिला घास घालायचा मान बाबानं स्वतःकडं घेतला होता. त्याच्याच म्हशीचं दूध, त्यात मुरलेले तांदूळ, गूळ. त्यानं चमच्याच्या टोकावर खीर घेतली, पोरीच्या ओठांना लावली. बायका गाणं म्हणत होत्या. गाणं संपायच्या आत आरूचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि ती श्वासासाठी ओढाताण करू लागली. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं मीठ उतरवा. बाबा फक्त एवढंच ओरडला, "जीप काढा, जल्दी!" माझ्या चुलत्याची जीप दारातच होती. मीही चढले. भोकरदनच्या दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर पोरीचा श्वास मोकळा झाला. त्या सगळ्या वाटेत बाबाच्या उजव्या हातात तो चमचा तसाच होता. कुणी काढून घेतला तेव्हा त्याला कळलं.

पुढं ॲलर्जीच्या तपासणीत शेंगदाणाही निघाला. म्हणजे आमच्या भागातल्या माणसाच्या ताटातली दोन दैवतंच गेली. आमच्याकडं कूट नाही अशी भाजी नसते, आणि दुधाला नाही म्हणणारा पाहुणा घरी आला तर आजारी आहे का असं विचारतात.

मग भीती सुरू झाली. भीतीसारखी काटकसर कुणी करत नाही. आधी दूध आणि शेंगदाणा बंद झाला. मग कुणी म्हणालं अंडं उष्ण, अंडं बंद. कुणी म्हणालं डाळ बाधेल, डाळ पातळ झाली, मग तिचं नुसतं पाणी उरलं. तेलाचं बोट लावायलाही घर घाबरू लागलं. आरूची आई लता, बाबाची सून, दिवसभर भाताची पेज करायची आणि पोरीला घोट घोट पाजायची. तिचा नवरा अंकुशनगरला कामाला, सणावारालाच यायचा. त्यामुळं पोरीची भीती आणि गावाची बोलणी, दोन्ही लताच्या एकटीच्या वाट्याला.

आरूला त्या काळात काहीही झालं नाही. पुरळ नाही, सूज नाही. आणि ती वाळत गेली. तिचे डोळे मोठे दिसू लागले, केस सुकलेल्या गवतासारखे पिवळट झाले. बरोबरीची पोरं अंगणात धावायची तेव्हा ती ओट्याच्या खांबाला टेकून त्यांच्याकडं बघत राहायची, स्वप्नात असल्यासारखी. अंगणवाडीच्या ताईंनी वजनाचा काटा पाहिला, पुन्हा पाहिला आणि म्हणाल्या, "लता, हिला जालन्याला मोठ्या डॉक्टरला दाखव. उशीर नको."

त्याच दिवशी हातपंपावर बायका बोलत होत्या.

"म्हशी बांधल्यात दारात, अन् पोरगी बघ कशी काडी झाली."

"आईच्याच अंगात काय तरी असंल. एवढ्या दुधाच्या घरात असं लेकरू होतंय का कधी?"

लता घागर भरून खाली मान घालून निघाली. मागून शेळ्या पाजायला आलेला बाबा थांबला. शांतपणे म्हणाला, "माझ्या गोठ्यात आंधळं वासरू झाल्तं, तवा कुणी म्हशीला बोललं न्हाई. म्हशीला सून व्हायचं न्हाई ना, म्हणून सुटली ती." आणि शेळ्यांना पाणी दाखवू लागला.

जालन्याला मी सोबत गेले होते. वाट लांबची, आणि लताला बोलायला कुणी तरी हवं होतं. डॉक्टर तरुण होत्या, तुटक बोलणाऱ्या, पण आरूशी बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोरीला काय काय देता, हे लता सांगत गेली, आणि यादी फार लवकर संपली. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही जे टाळलं ते बरोबरच टाळलं. पण त्याच्याबरोबर जेवणही टाळलंत. हिला उपासमार झालीये."

लताच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा खुर्चीच्या कडेवर बसला होता. त्यानं विचारलं, "डाक्टरीणबाई, म्हशीचं चालत न्हाई, कबूल. पण शेळीचं? शेळी झाडपाला खाती. तिचं दूध म्हंजी औषधच की."

"नाही बाबा. शेळीचंही नाही. गाईम्हशीचं बाधतं त्यांना बहुतेक वेळा शेळीचंही बाधतं. प्रयोग करायचा नाही."

बाबाचा चेहरा मला अजून दिसतो. शेळी हा त्याचा शेवटचा आधार होता. महिनोन्‌महिने त्यानं ती आशा मनात राखून ठेवली होती. न विचारता एक थेंबही दिला नाही, पण आशा ठेवली होती.

डॉक्टर मात्र पुढं बोलत होत्या. करडईचं तेल घालायचं, सढळ हातानं. अंडं, मटण, डाळ, सगळं चालेल, तपासणीत त्यातलं काही आलेलं नाही. दुधातून मिळतं ते भरून काढायला नाचणी आणि एक औषध त्यांनी लिहून दिलं. "हिची भूक मेलीये. दोन घासांत ती दमते. मग त्या दोन घासांतच जेवण मावलं पाहिजे. पेजेनं पोट भरतं, अंग भरत नाही."

बाबानं मान हलवली. "कळलं. मोट लहान असली की खेपा वाढवायच्या, अन् दर खेपेला मोट भरूनच वर यायला पायजे. आम्ही इतके दिस अर्धी मोट ओढून राह्यलो."

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "अगदी हेच. आणि एक लक्षात ठेवा. चुकून काही खाण्यात आलं आणि श्वास लागला, तर घरचे उपाय करत बसायचं नाही. थेट दवाखाना. मोठी झाल्यावर बऱ्याच मुलांचं हे कमी होतं. पण ते बघायचं आमच्यासमोर, घरी नाही."

परतताना केदारखेड्याला गाडी थांबली. आम्ही चहा सांगितला. आरू बाबाच्या मांडीवर झोपली होती. संध्याकाळचं तांबूस ऊन तिच्या कपाळावर पडलेलं. बाबा हॉटेलवाल्याला म्हणाला, "मला कोरा." जन्मभर धारोष्ण दुधावर वाढलेल्या माणसानं काळा चहा तोंडाला लावला, तोंड वाकडं केलं आणि घोट घोट संपवला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कशाला कोरा?" तर म्हणाला, "ती जागी झाली तर तोंडाला तोंड लावती माझ्या." आणि थोड्या वेळानं, बाहेर बघत, "आपण पोरीला घरात कोंडलं. कोकरू कोंडलं की लांडगा खात न्हाई, खरंय. पण कोकरू बी खात न्हाई."

त्यानंतरचे दिवस मला एका लांब, उबदार दुपारसारखे आठवतात. लताच्या चुलीवरची ती दुपार. बाबाचं कौतुक करताना लोक लताला विसरतात, म्हणून ठणकावून सांगते, डोकं बाबाचं असेल पण हात लताचे होते. बाजरीचं पीठ करडईच्या तेलात खमंग भाजायचं, त्यात फुटाण्याची डाळ दळून घालायची, किसलेलं खोबरं, गूळ, आणि ते सगळं मुठीत दाबून मुटके वळायचे. कांदा परतायचा तो तेलात बुडवून. खिचडीवर तेलाची धार. भाकरीचा मऊ पदर कुस्करून त्यात रश्श्यावरचं तेल आणि मटणाची चरबी. अंडं उकडून डाळीत मोडायचं. लताची पितळेची बुधली दर बाजाराला करडईच्या तेलानं भरून यायची. गोड, भाजका, थोडा कडवट असा एक वास त्या घरातून निघून आमच्या शेतापर्यंत यायचा. शेतात काम करता करता मला कळायचं, आज लतानं मुटके केले.

पण घरात घास बदलला म्हणून गाव बदलत नाही. आमच्याकडं मूल हे एका घराचं नसतं. ते दारावरून गेलं की हाक येते, "ए, इकडं ये बाळा," आणि त्याच्या तोंडात काही तरी जातं. शेंगदाण्याचा लाडू, साखरेचा पेढा, चहात बुडवलेलं बिस्कीट. असं न करणारी बाई कंजूष ठरते, आणि आपल्या मुलाला असं खाऊ न देणारी आई शिष्ट ठरते. आरू दाराबाहेर हिंडायला लागली तशी लता तिच्या मागं मागं धावू लागली. सारखं नाही, नाही, नाही. गावानं तिचं नावच पाडलं, नाहीवाली.

माझ्या रक्तात पत्रकं आहेत. वडील आयुष्यभर ती लिहीत आणि वाटत आले. दारूबंदी, हुंडा, शाळा सोडणाऱ्या मुली. मी अक्षरं शिकले ती त्याच गठ्ठ्यांवरून. मला वाटलं, प्रश्न आहे ना, मग पत्रक काढा. मी तळमळून लिहिलं. 'घास प्रेमाचा असतो, पण तो जीव घेऊ शकतो.' दूध कशाकशात असतं, शेंगदाणा कुठं कुठं लपतो, सगळं. पारावर लावलं, घरोघरी दिलं. लोकांनी वाचलं. पोरगी हुशार आहे म्हणाले. ज्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं त्यांच्यापैकी एकानं त्याच संध्याकाळी आरूपुढं पेढा धरला. लतानं झडप घालून तो काढला.

"पेढा हाये तो," ते गृहस्थ म्हणाले, "दूध कुठंय? तुमच्या कागदात दूध लिहिलंय."

मी रडकुंडीला येऊन बाबाकडं गेले. तो शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कागद चांगलाय तुझा, पत्रकवाले. वाया जाणार न्हाई. पण डोळे वाचत्यात, हात वाचत न्हाई. लेकरू दिसलं की हात आपोआप पुढं येतो. त्या हाताला दुसरं काम द्यावं लागंल."

ते काम कोणतं, हे त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं. ते सापडलं राहीआत्याच्या दारात.

राहीआत्या म्हणजे गल्लीतली सर्वांत वयस्क बाई. तिची म्हैस व्यायली. आमच्याकडं रीत अशी की पहिला चीक शिजवून आधी गल्लीतल्या लेकरांना वाटायचा. लेकरांनी खाल्ला की म्हशीची कास भरून राहते. राहीआत्या वाट्या घेऊन दारोदार आली. लतानं नको म्हटलं, आणि आत्याचा आवाज चढला.

"अगं न्हाई म्हणती? पहिला चीक हाये. उद्या माझी म्हैस आटली तर तू घालशील का दूध मला?"

"आत्या, तिला दूध चालत न्हाई. किती वेळा सांगितलं तुम्हाला."

"हे दूध हाये का? चीक हाये हा! चीक म्हंजी अजून दूध झालंच न्हाई. एवढं बी कळंना व्हय गं? तुझी पोरगी काय काचेची हाये?"

गल्ली गोळा झाली. लता दारातून हलली नाही. आरू तिच्या पदरामागून त्या पिवळ्याधमक वाटीकडं बघत होती. तेवढ्यात बाबा आला. त्यानं आत्याच्या हातातून वाटी घेतली, तिथंच पायरीवर बसला आणि सगळ्यांसमोर ती चाटूनपुसून खाल्ली.

"नातीच्या वाटचा चीक आजानं खाल्ला," तो म्हणाला. "पुण्य बराबर पोचलं तुझ्या म्हशीला. आटली तर माझी एक बांधून जा."

लोक हसले. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "भागुजी, पुण्याचं राहू दे. मला त्या पोरीला माझ्या हातानं काय तरी घालायचंय रे. एवढी वाळली ती. बघवत न्हाई मला."

बाबा पायरीवरून उठला. मग आत गेला, हात धुतले, आणि लतानं सकाळी वळलेले मुटके एका स्टीलच्या डबीत भरून घेऊन आला. डबी आत्याच्या ओट्यावर ठेवली.

"मंग हे घाल. डबी तुझ्याच घरी राहू दे. हात धू, पुसून कोरडा कर, अन् घाल. पोरगी दारावरून गेली की हाक मार. रोज मार. पर ह्या डबीतलंच. बिलकुल दुसरं न्हाई."

आत्यानं डबी उघडून वास घेतला. हात धुऊन आली. मुटक्याचा तुकडा मोडून आरूच्या तोंडाशी धरला. आरूनं आधी आईकडं पाहिलं. लतानं मान हलवली. बहुतेक पहिल्यांदाच त्या गल्लीत कुणी तरी लताकडून होकार घेतला होता. आरूनं तोंड उघडलं. राहीआत्या तिच्या चघळणाऱ्या गालांकडं अशी बघत बसली, जशी माणसं देवाची आरती संपल्यावरही दिव्याकडं बघत बसतात.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. "आम्हाला न्हाई का डबी? आम्ही काय परके?" मग तिच्या शेजारची. पाहता पाहता बाबाच्या शेळ्यांच्या वाटेवरच्या घराघरांत डब्या झाल्या. सकाळी शेळ्या घेऊन निघताना त्याच्या खांद्यावर झोळी असायची. दार आलं की शेळ्या आपोआप थांबायच्या, तो रिकामी डबी घ्यायचा, भरलेली ठेवायचा आणि जाता जाता तंबी द्यायचा, "शिळं ठेवू नको. चमचा त्यात घालू नको. अन् तुझ्या लेकराला बी दे त्यातलं, न्हाई तर ते रडंल." त्या झोळीचा, शेळ्यांच्या घंटांचा आणि सकाळच्या धुक्याचा एक मिळून आवाज व्हायचा. शाळेत जाणाऱ्या पोरांना त्यावरून वेळ कळायची.

जिथं आरूच्या जिवाला धोका होता, त्याच दारांतून ती आता पोसली जाऊ लागली. ती गल्लीतून रमतगमत चालायची आणि प्रत्येक ओट्यावर एक हात तिची वाट बघत असायचा. घरी ज्या पोरीला दोन घास जड व्हायचे, ती गावभर फिरून, गप्पा मारत, कोंबड्यांच्या मागं धावत, कळत नकळत पोट भरून यायची. बायका तिच्यावरून भांडायच्या. "काल तुझ्याकडं जास्त खाल्लं तिनं, आज आमच्याकडं खाऊ दे." मी विचारलं, "बाबा, हे सुचलं कसं?" तर म्हणाला, "कळप आडवता येत न्हाई पोरी. कळपाला वळवायचं असतं."

माझं पत्रकही वाया गेलं नाही. डबी ठेवताना बाबा ते घडी करून डबीखाली सरकवायचा. आता लोक ते खरंच वाचायचे, कारण आता त्यांच्या हाताला त्याचं काम होतं.

आरूचे झगे आखूड झाले. केस काळे झाले. एका पावसाळ्यात तिनं आमच्या बांधावर चढून उडी मारली आणि मी दचकले, कारण त्या पोरीच्या पायांत उडी मारण्याएवढी ताकद मी कधी पाहिलीच नव्हती. अंगणवाडीच्या ताईंनी काट्याकडं पाहून लताला मिठी मारली. जालन्याच्या डॉक्टर म्हणाल्या, "आता वाढतेय ती. असंच चालू ठेवा. पुढं कधी दुधाची चाचणी घेऊ, इथं, माझ्यासमोर." बाबानं विचारलं, "अन् न्हाईच जमलं कधी, तर?" त्या म्हणाल्या, "तर नाही. दुधावाचूनही माणूस मोठा होतो." बाबा हसला. "म्हशी इकून टाकतो मंग," म्हणाला. विकल्या नाहीत. पण घरी येऊन म्हशींना म्हणाला, "ऐकलं का गं? तुमच्याबिगर बी चालतं म्हणं."

गेल्या हिवाळ्यात बाबा गेला. दुपारी शेळ्या चरत होत्या, तो बांधावरच्या बोरीखाली पाठ टेकून बसला होता. आम्हाला वाटलं, डोळा लागला. शेळ्याही त्याच्याभोवतीच चरत राहिल्या, दूर गेल्या नाहीत. ऊन त्याच्या पायांवरून सरकत पोटापर्यंत आलं तरी तो उठला नाही, तेव्हा लता हाक मारत गेली.

तेरवीचं जेवण मोठं होणार होतं. भावकी, पाहुणे, अख्खं गाव. आरूला आजवर कधी पंगतीत बसवलं नव्हतं. लग्न असो, नवसाची कंदुरी असो, तिचं ताट घरी वेगळं. पंगतीत कोणाच्या पळीतून काय उडेल, कशात काय असेल, कसं सांगणार? त्या दिवशीही लता तिला घरात जेवू घालायच्या तयारीत होती. आरू दारात उभी राहून म्हणाली, "माझ्या बाबाचं जेवण हाये. मी न्हाई का?"

उत्तर राहीआत्यानं दिलं. काठी टेकत ती मांडवाच्या मागं आचाऱ्याकडं गेली. "वांग्यात कूट घालायचं न्हाई आज. खोबरं अन् कांदा भाजून लाव. बुंदी तेलातच काढ, तुपाचा हात लावू नको. तेल करडईचं. भांडी धुऊन घे आधी."

आचारी वैतागला. "आत्या, एका पोरीपायी अख्ख्या गावाचं जेवण बदलू?"

"एका पोरीपायीच भागुजी अख्ख्या गावाची दारं हिंडला. तू एक कढई बदल."

बायका पुढं झाल्या. भांडी पुन्हा घासली गेली. मला कुणी काही विचारलं नाही, काही लिहायला सांगितलं नाही. सगळ्यांना सगळं पाठ होतं. त्यांनी मिळून एक निर्णय घेतला आणि गावाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पत्रकात याहून मोठी गोष्ट लिहिलेली नाही.

आरू पंगतीत बसली. राहीआत्या आणि अंगणवाडीच्या ताईंच्या मधे. तिनं वांग्याची भाजी खाल्ली, भात खाल्ला, बुंदी मुठीत घेऊन खाल्ली. शेजारच्या ताटात आणि आपल्या ताटात तेच आहे, हे ती वाकून वाकून बघत होती. मांडवाच्या कापडातून गाळलेलं ऊन सगळ्यांच्या ताटांवर सारखंच पडलं होतं. मला ते सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं वाटत होतं.

मग अंगणाकडून एक पाहुणा पोरगा उत्साहानं वाढत आला. हातात बादली. पाहुण्यांपैकी कुणी तरी आणलेला मठ्ठा. त्याला काही माहीत नव्हतं. "मठ्ठा, मठ्ठा," म्हणत तो वाकला आणि पळी आरूच्या ताटावर आली.

कुणी ओरडलं नाही. पण आरूच्या ताटावर एकाएकी हातांचं छप्पर झालं. राहीआत्याचा सुरकुतलेला हात, ताईंचा बांगड्यांचा, समोरच्या ओळीतून पुढं आलेला एका म्हाताऱ्याचा शेतातला काळा हात, पाठीमागून लताचा. पेढा देणाऱ्या त्या गृहस्थांनी तर उठून बादलीच धरली. "इथं न्हाई रे पोरा," ते म्हणाले. "हिला इचारल्याबिगर काय वाढायचं न्हाई. ती बाजू धर तू." आणि त्या हातांच्या सावलीत आरू निवांतपणे बुंदी खात राहिली.

आता तुमच्याकडं मागणं. तुमच्या घरी पुढचं कार्य निघेल, बारसं, लग्न, वाढदिवस किंवा तेरवी, तेव्हा आचाऱ्याला बोलवायच्या आधी एक काम करा. येणाऱ्या प्रत्येक लेकराच्या आईला विचारा, "याला काय चालत नाही?" ती जे सांगेल त्यावर हसू नका, तिला शहाणपण शिकवू नका. तेवढं सोडून, तेलातुपात किंवा नुसत्या तेलात, पोटभर आणि अंगी लागेल असं काही तरी शिजवा. वेगळ्या ताटात नको. सगळ्यांसाठीच शिजवा, आणि त्या लेकराला पंगतीत बसवा.